दोन सह्या

इन्सुलिनच्या सिरिंजच्या सुईवर एक टोपण असतं. लाल टोपण म्हणजे ४०ची सिरिंज, नारिंगी म्हणजे १००ची. आपल्याकडे इन्सुलिन दोन्ही ताकदींचं मिळतं, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४०च्या बाटलीला लाल, १००च्या बाटलीला नारिंगी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मीही सांगितलं असतं. तेव्हा माझी नोकरी तेवीस वर्षांची झाली होती.

त्या रात्री मी १००च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं. १०च्या रेघेपर्यंत, कारण डॉक्टरांनी १० युनिटच लिहिलं होतं. पण लाल सिरिंजवरची १०ची रेघ म्हणजे पाव मिलिलीटर, आणि १००च्या औषधाच्या पाव मिलिलीटरमध्ये २५ युनिट बसतात. नऊ नंबरच्या कॉटवरच्या आजोबांना अडीच पट डोस गेला. तोही रात्री झोपताना द्यायच्या इन्सुलिनचा, जे हळूहळू काम करतं आणि दिवसभर उतरत नाही.

कारणं सांगता येतील. एक सिस्टर रजेवर होती. पाठोपाठ दोन ॲडमिशन आली होती. बाटली नातेवाइकांनी बाहेरून आणलेली होती आणि ट्रेमध्ये नेहमीच्या लाल सिरिंजाच होत्या. शिवाय ड्यूटीवर येताना बसमध्ये बँकेचा मेसेज आला होता, हप्ता परत गेल्याचा. नवऱ्याची चाकणची नोकरी सुटून पाच महिने झाले होते. मेमोला उत्तर लिहिताना यातली दोन कारणं मी लिहिली आणि खोडली.

पहाटे पावणेचारला राउंड घेताना आजोबांच्या कपाळाला हात लावला. गार, घामाने थबथबलेलं. उशीसुद्धा ओली. हाक मारली तर त्यांनी डोळे न उघडता मला कुठल्या तरी भलत्याच नावाने ओ दिली. बोटाला टोचून साखरेची स्ट्रिप लावली, आकडा आला ४३, साखर फारच उतरलेली. पुढची दहा मिनिटं हात आपोआप चालले. शिरेतून ग्लुकोज, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, म्हणजे आरएमओंना, फोन, वॉर्डबॉय मामांना हाक, सलाईन. आजोबांनी डोळे उघडले, 'काय गं, सकाळ झाली का?' म्हणाले. मग मी ट्रे आवरायला घेतला आणि किडनी ट्रेच्या कोपऱ्यात ते टोपण दिसलं. लाल.

बाकावर झोपलेली त्यांची मुलगी या गडबडीत उठली होती. माझा हात धरून म्हणाली, 'सिस्टर, देवासारख्या आलात हो.'

माणसं हे रोज म्हणतात. वॉर्डात महिन्यातून चारदा तरी ऐकू येतं. मी ख्रिस्ती आहे हे कळल्यावर तर जरा जास्तच. त्या रात्री मात्र ते वाक्य माझ्या पोटात गेलं आणि तिथेच राहिलं.

मी लपवलं नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. लपवायचा विचार आला होता, चांगला दहा मिनिटं आला होता. टोपण कचऱ्यात टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. वयस्कर पेशंट, रात्री नीट जेवला नव्हता, साखर उतरली, एवढ्यावर भागलं असतं. पण इन्सुलिन जास्त गेलंय हे डॉक्टरांना माहीत नसेल तर दुपारी परत साखर उतरेल तेव्हा कोण बघणार? मी आरएमओंना सांगितलं, सकाळी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, आणि मोठे डॉक्टर आल्यावर त्यांच्यासमोर त्या मुलीला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. 'म्हणजे तुमच्यामुळेच?' मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, 'आता शुगर किती आहे?' 'एकशे अठरा.' तिने पाठ वळवली आणि आजोबांच्या अंगावरची चादर सारखी केली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आजोबा पाचव्या दिवशी घरी गेले. चालत.

*

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'भरवसा' हा शब्द फार वापरतात. देवावर भरवसा ठेव, प्रभूवर भरवसा ठेवून पुढे जा. आणि घरात, रस्त्यावर हाच शब्द नेमका उलटा येतो. त्याचा काही भरवसा नाही. पावसाचा भरवसा नाही. आमच्या नगरकडे, नेवाशाच्या त्या पट्ट्यात, पावसाबद्दल दुसरं काही बोलतच नाहीत. विश्वास मनात ठेवता येतो. भरवसा कुणावर तरी टाकावा लागतो, वेळेला तो माणूस येईल म्हणून. आता वाटतं, विश्वासाचं काही बिघडलंय असं मला कधीच वाटलं नाही. देव आहे, येशू तारणारा आहे, हे सगळं जागच्या जागी होतं. भरवसा तेवढा गेला होता. आणि तो आधी माझ्यावरचा गेला.

हात थरथरायचे नाहीत, पण थांबायचे. गोळ्या मोजून कपात टाकल्या की परत मोजायच्या. सलाईनचा वेग घड्याळ लावून दोनदा, तीनदा. ड्यूटी संपवून बसस्टॉपपर्यंत जायचं आणि बारा नंबरचं अँटिबायोटिक चढवलं ना, या शंकेने परत फिरायचं. घरी गॅसचं बटण, दाराची कडी. मुलगा बारावीनंतर नीटची परीक्षा दुसऱ्यांदा देत होता. तो रात्री अभ्यास करताना झोपला तर वाटायचं, आपणच याला नीट घडवलं नाही. नवरा मुलाखतीला जाताना विचारायचा, 'हा शर्ट चालेल का?' आणि मला तेवढंही ठरवता यायचं नाही. ज्या बाईने माणसाला अडीच पट इन्सुलिन दिलं तिने शर्ट कसा निवडायचा?

बाहेरून कुणाला यातलं काही दिसत नव्हतं. मेमो फाइलला लागला, आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं, विषय मिटला. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, चुका होतात. रविवारी उपासनेला जात होते, दुसऱ्या रांगेत बसत होते, गाणी म्हणत होते. प्रार्थना मात्र होत नव्हती. डोळे मिटले की स्ट्रिपवरचा तो आकडा.

आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला देवाने काही केलं असेल त्याने उठून सांगायचं. मला ही पद्धत लहानपणापासून आवडते, पण तिच्यात एक गोम आहे. लोक गोष्ट संपल्यावर उठतात. नोकरी लागली, व्हिसा झाला, गाठ साधी निघाली, स्तुती असो. या महिन्यातही काही झालं नाही, पुढच्या महिन्याचं माहीत नाही, तरी आलोय, असं कुणी उठून म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. माझ्या नवऱ्याने एकदा म्हणायला हवं होतं असं वाटायचं. तो मागच्या रांगेत बसायचा आणि दानाची थैली पुढे आली की न बघता शेजाऱ्याकडे द्यायचा.

महिला संघातल्या एका मावशींना मी थोडंसं बोलून दाखवलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाल्या, 'विश्वासात कुठंतरी कमी पडतेयस गं तू.' प्रेमानेच म्हणाल्या, मला माहीत आहे. पण त्या रात्री घरी येऊन मी माझा विश्वास गोळ्यांसारखा मोजायला बसले, आणि जेवढ्या वेळा मोजला तेवढ्या वेळा आकडा वेगळा आला.

*

आजीचं शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्याकडे आहे. काळं कापडी पुठ्ठ्याचं, पाठीला दोरा निघालेला. आजी मिशनमध्ये बायबल-बाई होती. म्हणजे गावोगाव, वस्तीवस्तीवर पायी जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, भजनं शिकवायची, लिहायवाचायला बसवायचं. ती स्वतः लग्नानंतर अक्षरं शिकली होती, त्यामुळे शास्त्र वाचताना बोट ओळीखाली ठेवायची, शेवटपर्यंत. पेन्सिल कायम पानात. ज्या दिवशी जे वचन उपयोगी पडलं त्याच्या बाजूला तारीख. माझ्या जन्माची तारीख १२१व्या स्तोत्रापाशी आहे, काकांच्या ऑपरेशनची यशयाच्या ४१व्या अध्यायात. लहानपणी आम्ही ते पंचांगासारखं चाळायचो.

त्या दिवसांत मी ते पुन्हा काढलं, रात्री झोप येत नव्हती म्हणून. ३७वं स्तोत्र. त्याच्या २५व्या वचनात दावीद म्हणतो, मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, पण नीतिमानाला सोडून दिलेलं किंवा त्याची लेकरं भाकरीसाठी भीक मागताना मी कधी पाहिली नाहीत. त्याच्या बाजूला आजीच्या तिरप्या अक्षरात लिहिलंय: १९७२. आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल, कळलं नसेल.

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यांनी ऐकल्यात. विहिरीचा तळ दिसत होता. सगळं गाव खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या उचलायला. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, त्याची भाकरी थापताना तुटायची. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा गोड खाऊ, वाटायचे, आणि त्या रांगेत पोरं ताटल्या घेऊन उभी. त्यात मंडळीतलीही पोरं होती. रविवारी जी 'प्रभू माझा मेंढपाळ' पाठ म्हणून दाखवायची तीच. माझे वडील तेव्हा शिकायला नगरला होते, पण धाकटी आत्या त्या रांगेत उभी राहिली होती. म्हणजे आजीने ते पाहिलं होतं. दावीद राजाने नसेल पाहिलं, तिने पाहिलं होतं, आणि जे पाहिलं ते तिने शास्त्रातच, त्या वचनाच्या शेजारी, लिहून ठेवलं.

मला त्यात धक्का बसावा असं काही नव्हतं. मला बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आजीच्या पेन्सिलच्या दुसऱ्या टोकाला खोडरबर असायचं. चुकलेलं ती लगेच खोडायची, पान फाटेपर्यंत. हे तिने खोडलं नाही. पुढची सव्वीस वर्षं ती हे शास्त्र दरवर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. म्हणजे दरवर्षी बोट त्या ओळीखाली आलं असणार, नजर त्या प्रश्नचिन्हावर गेली असणार, आणि दरवर्षी तिने ते तसंच ठेवून पान उलटलं. ३८व्या स्तोत्रापाशी १९७३ची तारीख आहे. तिथे प्रश्नचिन्ह नाही, नुसती तारीख.

८८व्या स्तोत्रापाशी तिने काहीच खूण केलेली नाही. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' अशा जागी येतात. हे एक वळत नाही. ते अंधारातच संपतं. मधे देवाला एकामागून एक प्रश्न आहेत. तिथे पेन्सिलची गरज पडली नसेल.

*

पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या घरात फार आदराने घेतात, इतक्या आदराने की त्यांच्या आयुष्यात काही अवघड होतं हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. मंडळीतून आम्ही केडगावला गेलो होतो, पुणे-दौंड गाडीने, त्यांनी काढलेलं मुक्ती मिशन बघायला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेलं शास्त्राचं मराठी भाषांतर, त्याची छपाई तिथल्याच बायकांनी केलेली. मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, आणि वर्ष व्हायच्या आत, एप्रिल १९२२मध्ये रमाबाईही. सगळ्यांसारखी मीही हात जोडून, भारावून बाहेर आले.

पण त्यांनी १९०७मध्ये स्वतःची जी साक्ष लिहिली तिच्यातली एक गोष्ट मला माझ्या त्या वाईट वर्षात आठवली. त्यांचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडमधला. आणि त्या लिहितात की त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत त्या अमेरिकेला जाऊन आल्या, पुस्तक लिहिलं, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला आणलं. विधवा मुलींना घर दिलं. पुण्यातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि हे सगळं चालू असताना आत काहीतरी कमी आहे हे त्यांना जाणवत होतं, काय ते नेमकं कळत नव्हतं. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, त्या बाईने अशी वाट बघितली असेल तर कुणी त्यांना विश्वासात कमी पडतेस म्हणायचं?

आमच्या मंडळीत मात्र या आठ वर्षांवर संदेश, म्हणजे प्रवचन, होत नाही. पुढचं सांगतात. दुष्काळातल्या मुली, मुक्तीमधली जागृती. गोष्ट संपल्यानंतरचं.

*

वॉर्डात एक नवी मुलगी आली होती, नांदेडकडची, चोवीस वर्षांची. बोलायला तिखट, हाताला हलकी. घरी बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धवंदना. देव वगैरे ती मानत नाही आणि तसं सरळ सांगते. मला ताई म्हणते. मी पोटॅशियमची बाटली तिसऱ्यांदा उजेडात धरून लेबल वाचत होते तेव्हा ती टेबलापाशी फाइल लिहीत होती.

'ताई, काय शोधताय?'

'काही नाही, बघतेय.'

'तीनदा बघितलं तुम्ही.'

'चुकू नये म्हणून.'

ती पेन खाली ठेवून आली. 'एकटीनं तीनदा बघून काय फायदा? डोळे तेच की तुमचे. पहिल्यांदा चुकलं ते तिसऱ्यांदा पण तसंच दिसणार. द्या इकडं.' तिने बाटली हातात घेतली, लेबल मोठ्याने वाचलं, फाइलमध्ये बघितलं, मान हलवली. मग म्हणाली, 'सही करा. मी पण करते.'

हे काही नवीन नव्हतं. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपरिन, असल्या जोखमीच्या औषधांना दोघींनी तपासायचं, दोघींच्या सह्या हव्यात, असा नियम पुस्तकात होताच. आमच्याकडे तो कसा पाळला जात होता तेही सांगते. एकीने औषध द्यायचं, आणि सकाळी हँडओव्हरच्या आधी दुसरीने मागच्या सगळ्या रकान्यांत एकदम सह्या ठोकायच्या. त्या रात्रीच्या रकान्यातही दुसरी सही होती. बघितलं कुणीच नव्हतं.

या मुलीने ते खरोखर करायला घेतलं. त्यात एक बारकावा आहे जो मला तेवीस वर्षांत कुणी समजावला नव्हता, की मीच ऐकला नव्हता. पहिलीने दुसरीला आकडा सांगायचा नाही. '१० युनिट आहे, बघ गं' असं म्हटलं की दुसरीलाही १०च दिसतात. नुसती सिरिंज पुढे धरायची. दुसरीने आपली आपण फाइल वाचायची, बाटली वाचायची, टोपणाचा रंग, मग रेघ, आणि मोठ्याने सांगायचं. दोन्ही जुळलं तर द्यायचं.

तिचे डोळे माझे नव्हते, एवढंच त्यातलं औषध. हळूहळू माझं तिसऱ्यांदा बघणं सुटलं. एकदम नाही; बसस्टॉपवरून परत फिरणं पावसाळाभर चालू होतं.

*

त्याच पावसाळ्यात एका बुधवारी आमच्या घरी प्रार्थना सभा लावली होती. पाळी आमची होती, नाही म्हणता आलं नाही. मी नाइट करून आले होते. चटया घातल्या, पोह्याला कांदा चिरला. नऊजण आले. टाळ वाजले, पेटी नव्हती म्हणून सूर वर गेला आणि बायकांना खाली येता येईना. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते प्रार्थना करायला लागले की पोहे गार होतात. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी मागितलं, घराच्या हप्त्यासाठी मागितलं, हप्त्याची रक्कमसुद्धा देवाला सांगितली (ही त्यांना कुणी सांगितली देव जाणे). मग मुलाच्या परीक्षेसाठी मागितलं, आणि परीक्षेचं नाव चुकवलं. नीटऐवजी नेट म्हणाले. मुलगा डोळे मिटून हसला. किती महिन्यांनी.

पाळकसाहेबांनी मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला शास्त्रभाग वाचला. कफर्णहूमचं ते घर, दारात गर्दी, म्हणून चौघेजण छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि पक्षाघाती माणसाला बाजेसकट खाली सोडतात. मी हा भाग संडे स्कूलमध्ये शिकवलाय, पुठ्ठ्याचं घर आणि काडेपेटीची बाज करून. पाळकसाहेब वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, 'येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय. बाजेवरच्या माणसाला विश्वास होता की नाही, ते मार्काने लिहिलेलं नाही.' आणि पुढे वाचायला लागले. संदेश वेगळ्याच मुद्द्यावर गेला, पापांच्या क्षमेवर, कारण ती गोष्ट खरी त्याचीच आहे.

मी त्या बाजेपाशीच राहिले. पेशंट उचलणं हा माझा धंदा. चौघांनी चार कोपरे धरले तरी माणूस खाली सोडताना एक बाजू आधी जाते, पायाकडची, आणि वरून आरडाओरडा होतो, अरे थांब, अरे सैल सोड. बाजेवरच्या माणसाला त्यात करण्यासारखं काहीही नसतं. कडा धरून पडून राहायचं. त्याचा स्वतःवर भरवसा असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दोराला त्याने काही फरक पडत नव्हता.

शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, त्यांच्याकडे कधी लक्ष जात नाही. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.' आमची, आम्हाला. पुढे ऋणं तीही आमची, परीक्षा तीही आम्हाला. सगळ्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. मी ओठ हलवत होते, आवाज निघत नव्हता. त्या आठ-नऊ जणांच्या 'आम्हाला'मध्ये मला मोजलेलं होतं, मी म्हटलं काय, नाही म्हटलं काय. त्या रात्री माझ्या घरात प्रार्थना झाली आणि मी फक्त चटया घातल्या होत्या. बहुतेक तेवढ्याची सही पुरली.

मावशींनी जाताना गाल धरला आणि विचारलं, 'आता बरं वाटतंय ना?' मी म्हटलं, पोहे थोडे डब्यात देते.

*

बरं वाटलं की नाही हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. नवऱ्याला कंत्राटी काम मिळालं आहे, अकरा महिन्यांचं, नंतरचं काही सांगत नाहीत. मुलगा डॉक्टर होणार नाही, हे आम्हा तिघांना कळून चुकलंय आणि तो फिजिओथेरपीला गेलाय. हप्ते चालू आहेत. आजोबांच्या मुलीला माझा अजून राग असेल. असू दे, तिचा हक्क आहे. क्षमा देवाने केली असं मी मानते, पण तिच्या वतीची क्षमा मला देवाकडून परस्पर घ्यायची नाही.

नांदेडची मुलगी आणि मी नाइट शक्यतो एकत्र मागून घेतो. मी तिला एकदा म्हटलं होतं की आमच्या शास्त्रात आहे, दोघे किंवा तिघे जिथे त्याच्या नावाने जमतात तिथे तो असतो. ती म्हणाली, 'मी त्याच्या नावानं नाही आले हां ताई, मी पगारासाठी आले.' मला हसू आलं. नावाचं काय करायचं ते त्याचं तो बघेल, असं मी मनात म्हटलं, पण तिला सांगितलं नाही. तिला आवडलं नसतं, आणि तिचं बरोबरही असेल.

परवा रात्री ती इन्सुलिन भरत होती. आता बऱ्याचदा ती भरते आणि मी तपासते. तिने आकडा न सांगता सिरिंज माझ्यापुढे धरली. मी चष्मा लावून फाइल वाचली, बाटली फिरवून बघितली.

'बाटली १००ची. टोपण नारिंगी. रेघ १४वर.'

'१४च लिहिलंय,' ती म्हणाली.

तिने सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. पेन उमटेना. मी कागदाच्या कोपऱ्यावर दोन गोल काढले, मग उमटलं. सहा नंबरच्या कॉटवरच्या बाई हे सगळं बघत होत्या. दंड पुढे करत म्हणाल्या, 'एवढ्याशा सुईला दोघी-दोघी कशाला गं लागता?'

'आमच्याकडे अशीच पद्धत आहे, आजी,' मी म्हटलं. 'हात सैल सोडा.'